पेशवेकालीन पुणे खेळात उभे करताना: आधी कौले, मग नक्षी

शहर उभारण्याचा व्हिडिओ गेम करायला घेतलेले विद्यार्थी आणि चार-पाच जणांचे छोटे चमू आम्हाला सारखे तेच प्रश्न विचारत असतात. वाड्याचा दरवाजा कसा काढायचा? संग्रहालयातले जुने चित्र पोत म्हणून वापरले तर चालते का? खेळासाठी इतिहासात थोडा फेरफार केला तर लोक अंगावर येतील का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: अस्सल दिसायला नेमका किती अभ्यास लागतो?

गोंधळ बहुधा कामाच्या क्रमात असतो. पुष्कळ जण दरवाजावरच्या नक्षीपासून सुरुवात करतात, महिरपी कमानींवर महिने घालवतात आणि छपरावर मात्र विकतच्या संचातली कौले चढवतात. खेळणारा तर सगळा वेळ शहराकडे वरून बघत असतो. अशा खेळात काळ खरा वाटतो तो छपरे, वस्तीची आखणी आणि रस्त्यावरची हालचाल यांमुळे. नक्षीची पाळी त्यानंतर येते.

उदाहरण म्हणून इथे पेशवेकालीन पुणे घेतले आहे. तुमचे शहर दुसरे असले तरी पायऱ्या याच राहतील.

पायरी १: वर्ष आणि दावा, दोन्ही ठरवा

‘पेशवाईतले पुणे’ एवढ्यावर भागत नाही. त्या काळात शहराचे रूप अनेकदा पालटले. या तारखा समोर ठेवा:

- १७३० मध्ये शनिवारवाड्याची पायाभरणी झाली, १७३२ मध्ये वास्तुशांत.
- पर्वतीचे देवस्थान नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, १७४९ चे.
- १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले.
- नाना फडणवीसांचा नानावाडा साधारण १७८० चा. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा.
- १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती गेल्या.

१७४० च्या पुण्यात पर्वतीच्या टेकडीवर देऊळ दाखवलेत तर पहिलाच जाणकार खेळाडू बोट ठेवेल. खेळ १७६५ मध्ये सुरू केलात तर अर्धे शहर नव्याने बांधले जात असलेले दिसायला हवे, आणि शहरबांधणीच्या खेळाला याहून चांगली सुरुवात कुठली? चित्रांचा पुरावा जास्त हवा असेल तर १७९० चे दशक घ्या. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यामुळे त्या दशकात पुण्याची बरीच चित्रे काढली गेली.

मग दावा ठरवा. पर्याय तीन:

1. पुराव्याला धरून: ठरावीक वर्षाचे, ठरावीक शहर. अभ्यास जास्त, मोकळीक कमी.
2. काळाला धरून, पण कल्पित गाव: ‘अठराव्या शतकातली देशावरची एक पेठ’. छोट्या चमूंना हाच पर्याय सोयीचा. बांधकाम, झाडे, कपडे त्या काळाचे ठेवायचे, नकाशा तुमचा.
3. इतिहासावरून प्रेरित: पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा २०२० चा खेळ पाहा. राजस्थानी किल्ले आणि पहाडी चित्रशैली यांचा त्यात मनसोक्त वापर आहे, पण एखाद्या विशिष्ट सनातले शहर दाखवल्याचा दावा नाही.

तिन्ही पर्याय प्रामाणिक आहेत. काम तिसऱ्याचे आणि जाहिरात पहिल्याची, असे मात्र करू नका.

पायरी २: कॅमेऱ्याच्या उंचीवरून कामाचा क्रम लावा

एका कोऱ्या कागदावर खेळातले नेहमीचे दृश्य रेखाटा. सरासरी खेळाडू जितक्या उंचीवर राहील तितक्याच उंचीवरून. आता त्यात काय किती जागा व्यापते ते बघा. बहुतेक वेळा उतरता क्रम असा निघतो:

1. छपरांचा रंग, उतार आणि आकार
2. घरांमधली मोकळी जागा: चौक, परसू, बोळ
3. रस्त्याची रुंदी आणि पृष्ठभाग
4. झाडे
5. चालती माणसे, जनावरे, धूर
6. भिंतींचा वरचा भाग
7. दरवाजे, खांब, कोरीव काम

वेळ आणि पैसा याच क्रमाने वाटा. सातव्या क्रमांकाचे काम वगळायचे नाही. जवळून बघता येईल अशा मोजक्या इमारतींपुरते ते राखून ठेवायचे.

छप्पर: निम्मे काम इथेच

महाराष्ट्रातले जुने शहर म्हटले की कलाकाराच्या डोळ्यासमोर लालभडक, चपटी, एकमेकांच्या खाचेत बसणारी कौले येतात. ती मंगलोरी कौले. बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. पेशव्यांच्या पुण्यात त्यातले एकही कौल असणे शक्य नाही.

तिथे हवीत कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौले. ती अर्धगोल, लहान, हाताने घडवलेली. त्यामुळे दोन कौले तंतोतंत सारखी नसतात. ओळी किंचित वाकड्या दिसतात. रंग विटकरीपासून तपकिरीपर्यंत बदलत जातो आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर शेवाळाने काळपट पडतो. पोत तयार करताना कौलांचे तीन-चार प्रकार आलटून पालटून वापरा आणि जुन्या-नव्या कौलांची सरमिसळ ठेवा. एवढ्याने शहराचा रंग बदलतो.

याच कौलांतून खेळाला एक हालचालही मिळते. पावसाळ्याआधी घरे शाकारली जात: कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, उरलेली पुन्हा बसवायची. वैशाख-ज्येष्ठात छपरांवर चढलेली माणसे दाखवा आणि कुंभारवाड्यातून कौले मागवण्याची गरज खेळाच्या हिशोबात घ्या. दृश्य आणि नियम एकमेकांना आधार देतील.

छपरांबाबत आणखी तीन गोष्टी सांभाळा:

- प्रदेश मिसळू नका. कोकणातला तीव्र उतार, सोलापूर-मराठवाड्याकडची सपाट धाब्याची घरे आणि पुण्याची कौलारू छपरे यांच्यामागे पावसाचे गणित आहे.
- गरिबांची घरे गवताने शाकारलेली ठेवा. सगळे शहर कौलारू केले तर श्रीमंती-गरिबी वरून दिसणारच नाही.
- वाडा वरून ओळखू येऊ द्या. उंचावरून वाडा म्हणजे चारी बाजूंनी कौलांची चौकट आणि मधे चौकाचा मोकळा चौकोन. दोन चौकी, तीन चौकी वाडे एवढ्यावरूनच वेगळे कळतात. चौक बुजवून वर एकसंध छप्पर घातलेत तर ती वखार दिसेल.

वाडा खणांत मोजा

जुन्या बांधकामात घराचे माप खणांत सांगत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. तुमच्या त्रिमितीय कामासाठी हे आयते एकक आहे. एक खण, एक कोपरा, एक जिना, एक दिंडी दरवाजा आणि छपराचे दोन-तीन तुकडे नीट घडवले की त्यातून ओसरी, सोपा, माजघर असे हवे तेवढे वाढवता येते. पाहिजे तर खेळाडूलाही घर खणाखणाने वाढवू द्या.

साहित्य खालून वर असे लावा: काळ्या दगडाचे जोते, लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, वर विटांच्या भिंती आणि चुन्याचा किंवा मातीचा गिलावा. शनिवारवाड्याच्या तटबंदीत खाली दगड आणि वर वीट ही विभागणी आजही उघड दिसते. श्रीमंत वाड्यात खांब सुरूच्या आकाराचे, वर कोरीव हस्त आणि मधे महिरप. साध्या घरात यातले काहीच नसते, आणि शहरात बहुसंख्य घरे साधी असतात.

देवळांच्या बाबतीत घसरण लवकर होते. पांढऱ्या संगमरवराची उत्तरेकडची शिखरे किंवा दक्षिणेची गोपुरे इथे नकोत. खाली काळा दगड, वर विटा-चुन्यात घडवलेले आणि कोनाड्यांनी भरलेले शिखर, समोर दीपमाळ, अशी या काळातल्या देवळांची ठेवण आहे.

पाणी आणि रस्ते: दुसऱ्याच्या खेळातली सवय उचलू नका

शहरबांधणीच्या खेळांनी काही सवयी लावून ठेवल्या आहेत. १९९८ च्या ‘सीझर थ्री’मध्ये चौकोनी घरांच्या जाळ्यावर रोमन शहर उभे राहायचे आणि पाणी कमानींच्या उंच नळावरून यायचे. रोमला ते शोभते. पुढे कित्येकांनी तीच मांडणी कुठल्याही देशाला चिकटवली.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुण्याला पाणी कात्रजच्या तलावातून आले ते जमिनीखालच्या बांधीव नळातून. वर दिसत ते जागोजागचे उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा सोडणारी तोंडे, आणि शहरातले हौद. म्हणून तुमच्या खेळात उंच कमानी नकोत. खेळाडूने नळ आखताना जमीन खोदलेली दिसू द्या, काम संपले की वर फक्त उच्छ्वास राहू द्या, आणि हौदाभोवती घागरी घेतलेल्या बायांची वर्दळ दाखवा. वाड्यांत आड आणि विहिरीही हव्यात, कारण नळ सगळीकडे पोचत नव्हता.

जमिनीच्या आखणीसाठी चांगला नमुना हवा असेल तर २०२४ मध्ये आलेला ‘मॅनर लॉर्ड्स’ बघा. चौदाव्या शतकाच्या अखेरचा जर्मनीतला फ्रँकोनिया त्यात आहे. तिथे चौकटी नाहीत; रस्त्याला तोंड करून घर आणि मागे लांबट परसू अशी वाडी खेळाडू आखतो, आणि त्या परसात भाजी किंवा शेळ्या येतात. त्यातली घरे उचलू नका, विचार उचला: तुमच्या शहरात जमीन कशी वाटली जात होती हे आधी शोधा आणि बांधणीचे साधन त्यावरून घडवा.

वाहतुकीत बैलगाड्यांच्या रांगा दाखवण्याचा मोह होतो. पण बोरघाटातून चाकांची वाहतूक होईल असा रस्ता खुला झाला तो १८३० मध्ये. त्याआधी घाटावरून माल उतरायचा-चढायचा तो बैलांच्या आणि तट्टांच्या पाठीवरून. वेशीतून आत येणारा लमाणांचा बैलतांडा दाखवा. दृश्य भरगच्च होते आणि मालाची आवक का मंद आहे हेही न सांगता कळते.

माणसे: कोण कुठे राहते हेही दृश्यच आहे

नुसते देखणे वाडे, स्वच्छ रस्ते आणि हसतमुख गर्दी दाखवणे हीसुद्धा इतिहासाची मोडतोड आहे. पेशवाईतल्या पुण्यात वस्ती जातीनुसार आणि धंद्यानुसार विभागलेली होती. महार-मांगांना दुपारी तीनपासून सकाळी नऊपर्यंत वेशीच्या आत येण्यास मनाई होती, कारण त्या वेळेत पडणारी लांब सावली विटाळ करते असे मानत. ही नोंद समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी केली आहे.

हे खेळात आणायचे की नाही, हा निर्णय टाळू नका. तुमच्यापुढचे मार्ग असे:

- वस्त्यांची विभागणी नकाशात जशी होती तशी दाखवावी आणि सोबत माहितीचा मजकूर द्यावा.
- कल्पित गाव घ्यावे, पण सफाई, कातडे, रखवाली ही कामे करणारी माणसे आणि त्यांची कडेची वस्ती दिसू द्यावी.
- विषय वगळावा आणि वगळल्याचे टिपणात स्पष्ट लिहावे.

जातीला ‘कामगारांचा रंग’ किंवा गुणांची बेरीज-वजाबाकी असे रूप देऊ नका. कामाची विभागणी धंद्याच्या नावाने करा: तांबट, कुंभार, कोष्टी, सोनार.

रात्रीच्या दृश्यात रस्त्यावर दिव्यांचे खांब नकोत. घरात समया आणि पणत्या, बाहेर मशाली. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी असे आणि कोतवालाची गस्त सुरू होई. तोफेच्या आवाजानंतर रस्ते ओस पडलेले दाखवलेत तर रात्रीला स्वतःचे नियम मिळतील, आणि कित्येक मॉडेले करण्याचे कामही वाचेल.

तयार संच वापरण्याआधी हे तपासा

बाजारात मिळणाऱ्या ‘भारतीय’ संचांत काळ आणि प्रदेश यांची खिचडी असते. त्यातल्या या गोष्टी आधी काढून टाका:

- गुलमोहर: मूळ मादागास्करचा, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला.
- पर्जन्यवृक्ष, बोगनवेल: दक्षिण अमेरिकेतले, तेही उशिरा आलेले.
- गाजरगवत: पुण्यात १९५० च्या दशकात आढळले. आजच्या जमिनीचे फोटो पोत म्हणून वापरले की हे हमखास शिरते.
- चहाची टपरी, टांगा: दोन्ही नंतरच्या काळातले.
- टोमॅटो: मंडईच्या टोपल्यांत नकोत. कांदा, वांगी, दुधी, पालेभाज्या चालतील.
- पत्र्याची छपरे आणि सिमेंट: पोर्टलँड सिमेंटचे पेटंटच १८२४ चे.
- सामान्य घरांना काचेची तावदाने: त्याऐवजी लाकडी झडपा, गज आणि जाळी.
- राजस्थानी झरोके आणि आरसेमहाल: चित्रपटांच्या सेटवरून आलेले.

त्यांच्या जागी वड, पिंपळ, उंबर, चिंच, आंबा, कडुनिंब आणि बाभूळ लावा. शहराबाहेर ज्वारी-बाजरीची शेते.

पुरावा कुठे शोधाल आणि त्यावर किती विसंबाल

- उभ्या वास्तू: वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, सासवडचा पुरंदरेवाडा, पुण्यातला विश्रामबागवाडा. टेप घेऊन जा आणि खण, जोते, पायरी, दरवाजाची उंची मोजा.
- वस्तू: पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे पाहायला मिळतात. दुकान आणि घर भरायला हे पुरेसे आहे.
- कागद: पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आणि १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ. मूळ कागद मोडीत आहेत. मोडी येत नसेल तर गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ छापील खंड आहेत.
- चित्रे: जेम्स वेल्स आणि पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट यांची १७९० च्या दशकातली कामे. तांबटांची पुष्कळ चित्रे अमेरिकेतल्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत आणि जालावर बघता येतात. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्यांत आहे.

प्रत्येक पुराव्याला दोन प्रश्न विचारा: हे केव्हाचे, आणि करणाऱ्याने ते स्वतः पाहिले होते का? मॅलेट यांनी १७९० मध्ये पेशव्यांच्या दरबारात केलेल्या तहाचे थॉमस डॅनियल यांचे मोठे चित्र प्रसिद्ध आहे. ते रंगवले गेले १८०५ मध्ये. डॅनियल त्या दरबारात नव्हते. त्यांनी वेल्स यांच्या चित्रसामग्रीवरून काम केले, आणि वेल्स स्वतः भारतात पोचले ते १७९१ मध्ये. चेहरे आणि पोशाख यांसाठी हे चित्र मोलाचे आहे. दालनाचे माप मात्र त्यावरून घेऊ नका.

उभ्या वास्तूही फसवतात. आजचा लाल महाल महापालिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. महात्मा फुले मंडई १८८० च्या दशकातली, इंग्रजी अमदानीतली. शिवाय १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतली असंख्य जुनी घरे गेली. उरले ते बहुधा भक्कम आणि श्रीमंत वाडे. त्यांच्यावरून सगळे शहर रंगवलेत तर ते होते त्यापेक्षा श्रीमंत दिसेल.

नोंदवही: प्रत्येक वस्तूला एक खूण

खेळातल्या प्रत्येक इमारतीची, झाडाची आणि पोशाखाची एका तक्त्यात नोंद ठेवा आणि समोर यांपैकी एक अक्षर लिहा:

- अ: थेट पुरावा आहे.
- ब: जवळच्या काळातल्या किंवा जवळच्या गावच्या पुराव्यावरून काढलेला अंदाज.
- क: खेळासाठी केलेली कल्पना.

हौदाची नोंद अशी होईल: दगडी बांधणी, *अ*. जमिनीखालून येणारा नळ, *अ*. भोवतीच्या फरशीचा नमुना, *ब*, मेणवलीच्या घाटावरून. बाजूचे तुळशीवृंदावन, *क*. पाण्याचा पुरवठा ठरावीक अंतरापर्यंतच पोचतो, *क*, खेळाच्या तोलासाठी.

‘क’ वाढले म्हणून घाबरायचे कारण नाही. खूणच नसलेल्या वस्तू वाढल्या की समजा, शहर हातातून निसटते आहे.

हक्क, परवानग्या आणि करार

- जुनी चित्रे: भारतात साहित्य आणि चित्र यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, छायाचित्रावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. अठराव्या शतकातले चित्र मुक्त आहे. पण संग्रहालयाने दिलेल्या प्रतिमेला त्या संस्थेच्या अटी असू शकतात. येल सेंटर आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा मोफत वापरू देते. इतरत्र अटी वाचा आणि त्या दिवशीचे पान जतन करून ठेवा.
- जालावरचे फोटो: विकिमीडिया कॉमन्सवरचे सगळे फोटो विनाअट नसतात. काहींना श्रेय द्यावे लागते, काहींवरून केलेले कामही त्याच परवान्याखाली खुले करावे लागते. पोत करण्याआधी परवाना बघा.
- वास्तूंचे चित्रण: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार वास्तूचे आणि सार्वजनिक ठिकाणी कायम असलेल्या शिल्पाचे चित्र वा छायाचित्र काढायला मोकळीक आहे. आधुनिक पुतळ्याचे त्रिमितीय मॉडेल मात्र या शब्दांत सरळ बसत नाही. शिल्पकाराची परवानगी घ्या किंवा पुतळा वगळा.
- संरक्षित स्मारके: शनिवारवाडा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तिवई, दिवे किंवा व्यावसायिक चित्रीकरण असेल तर आधी खात्याकडे अर्ज करा. ड्रोनसाठी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार तो भाग हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात येतो ते तपासा आणि स्मारकाची परवानगी वेगळी घ्या.
- खासगी वाडे: मालकाची लेखी संमती घ्या. फोटो कशासाठी आहेत आणि खेळ विकला जाणार आहे, हे त्यात स्पष्ट हवे.
- बाहेरचे कलाकार: पगारी नोकराचे काम, करारात वेगळे लिहिले नसेल तर, मालकाचे असते, बाहेरून काम करणाऱ्याचे सरसकट तसे नसते. त्याच्याकडून हक्क लेखी घ्यावे लागतात. कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा खेळ जगभर विकला जाणार असेल तर या दोन ओळी विसरून चालणार नाही. आणि तुम्हीच कलाकार असाल तर याच दोन ओळी सहीआधी वाचा. कलम ५७ खाली श्रेयावरचा हक्क तुमच्याकडेच राहतो.
- यंत्राने तयार केलेली चित्रे: कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ‘मराठा शहर’ मागवले की राजस्थान, मुघल आणि मंगलोरी कौले एकत्र येतात. अशी चित्रे पुरावा म्हणून कधीच वापरू नका. खेळात वापरली तर स्टीमवर ते जाहीर करावे लागते.

मोठा करार करण्यापूर्वी कॉपीराइटचे काम पाहणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्या.

मुद्दाम बदल करायचा असेल तर

खेळ चालायला काही बदल लागतातच. दरवाजे थोडे मोठे काढले नाहीत तर वरून दिसत नाहीत. वीस घरांच्या जागी एक घर उभे करावे लागते. असे बदल सगळेच करतात. कधी लोकांच्या मनातले चित्र पुराव्याच्या आड येते. २०१४ च्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’त फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातले पॅरिस आहे, पण त्यातल्या नोत्र दाम कॅथेड्रलवर वास्तुकार व्हियोले-ल-द्युकचा एकोणिसाव्या शतकातला मनोरा दिसतो. तो काढला असता तर कित्येक खेळाडूंना नोत्र दामच चुकीचे वाटले असते.

तुमच्यासमोरही असा पेच येईल. बदल करण्याआधी हे तीन प्रश्न विचारा:

1. हा बदल खेळाडूला काही समजायला मदत करतो, की फक्त आमचे काम वाचवतो?
2. यामुळे एखाद्या समाजाबद्दल किंवा व्यक्तीबद्दल खोटी समजूत पसरेल का?
3. हा बदल आम्ही उघडपणे सांगू शकतो का?

तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर बदल करू नका. ‘हो’ असेल तर सांगण्याची जागा खेळातच ठेवा. ‘असॅसिन्स क्रीड’च्या २०१८ पासूनच्या ‘डिस्कव्हरी टूर’मध्ये मारामारी काढून टाकलेली आहे, आणि काय माहीत होते, कुठे तडजोड केली हे फिरता फिरता सांगितले जाते. तुम्हाला एवढा पसारा मांडायची गरज नाही. इमारतीवर टिचकी मारली की दोन ओळींचे टिपण आणि नोंदवहीतले अ, ब किंवा क हे अक्षर दिसले तरी पुरे.

सुरुवात अशी करा

1. वर्ष, गाव आणि दाव्याचा पर्याय एका वाक्यात लिहा आणि चमूतल्या प्रत्येकाला द्या.
2. सगळे शहर हाती घेऊ नका. एक बोळ, एक हौद, दोन कौलारू घरे, एक गवती घर आणि एक चौकी वाडा एवढेच पूर्ण करा.
3. या तुकड्यातल्या प्रत्येक वस्तूला अ, ब, क खूण द्या.
4. तोच तुकडा उन्हाळा, पावसाळा आणि रात्र अशा तीन अवस्थांत दाखवा.
5. हे दृश्य दोघांना दाखवा: इतिहासाच्या एखाद्या अभ्यासकाला आणि असे खेळ नेहमी खेळणाऱ्याला. पहिल्याला ‘काय चुकले?’ विचारा, दुसऱ्याला ‘हे कुठले शहर असेल?’
6. दुसऱ्याने ‘राजस्थान’ म्हटले तर छपरांकडे परत जा. ‘पुणे’ किंवा ‘देशावरचे गाव’ म्हटले तर आता दरवाजावरची नक्षी कोरायला घ्या.